काच आतून फुटली

३ फेब्रुवारी

प्रिय चष्मेवाले साडू,

तुमच्या गाडीची समोरची काच फुटली आहे. गाडीत मी आणि तुमच्या ताई होतो. दोघांनाही साधे खरचटलेलेही नाही. गाडी आमच्या रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजात उभी आहे. गॅरेजवाला म्हणतो, पूर्ण काच बदलावी लागेल, विमा असल्यास मालकाला कळवा. मालक तुम्ही, म्हणून कळवतो.

गाडी तुम्ही हिच्या व्यायामासाठी दिलीत, त्याचे उपकार आहेतच. हिला झटका आला त्याला आता आठ महिने होतील. उजवा हात अजून मांडीवर ठेवावा तसा पडून राहतो. शब्द येतात, पण एक मागितला की दुसराच येतो. फिजिओबाईंचे म्हणणे, पहिल्या वर्षात जे परत येईल ते येईल, पुढे कठीण. आठवड्यातून तीनदा न्यायलाच हवे. म्हणून काच लवकर बसलेली बरी.

मेसेज करू नये. तुमचा मागचा मेसेज मी दुरुस्त करून परत पाठवला होता. त्यात सतरा चुका होत्या.

कळवण्याजोगे एवढेच.

दादा

७ फेब्रुवारी

दादा, नमस्कार.

काच फुटली हे वाचलं. कशी फुटली ते कुठे लिहिलंय म्हणून पत्र उलटं करूनही पाहिलं. उभा जन्म छापखान्यात दुसऱ्यांची प्रुफं तपासण्यात घालवलेल्या माणसानं स्वतःच्या पत्रात मुख्य वाक्यच गाळावं, म्हणजे कमाल झाली.

असो. सोबत क्लेमचा फॉर्म आहे. पॉलिसी माझ्या नावावर, पण चालवत तुम्ही होता, म्हणून दुसऱ्या पानावर चालकाचा जबाब तुमच्या अक्षरात हवा. कधी, कुठे, कशाने, आणि खाली सही. चार ओळींचं काम आहे. कंपनीचा माणूस येऊन काच बघेल, गॅरेजला होकार देईल, की आठवड्यात नवी काच. आमच्या पॉलिसीत काच धरलेली आहे, मी खात्री करून घेतलीय. काचेला आधी काही झालं होतं का वगैरे कोणी विचारलं, तर तुम्हाला माहीत नाही म्हणा. तुम्हाला खरंच माहीत नाही.

धाकटीनं मागच्या महिन्यात तिच्या ताईला फोन केला होता. आमच्या बायकोची गाडी एकदा सुरू झाली की तिला ब्रेक नाही, हे तुम्ही जाणताच. गळक्या नळाची कथा चालू होती. ताई मधेच म्हणाली, "सांग, सांग." धाकटीला एवढा आनंद झाला! म्हणे, ताईला माझं बोलणं ऐकायचंय. तिनं आणखी अर्धा तास सांगितलं. शेवटी ताईनं फोनच ठेवून दिला. दमली असेल बिचारी.

फॉर्म लगेच पाठवा.

तुमचा साडू

१४ फेब्रुवारी

प्रिय साडू,

फॉर्म भरून पाठवत आहे. तुमच्या विमा कंपनीला कोणी मुद्रितशोधक मिळाला नाही काय? पहिल्याच पानावर 'अपघाताचे कारन' असे छापले आहे. 'वाहण क्रमांक' दोनदा. एके ठिकाणी 'चालक' च्या जागी 'चलाख' आहे, ते मात्र वाचून मी हसलो. सर्व चुका लाल शाईने दुरुस्त करून समासात खुणा केल्या आहेत. पुढच्या छपाईत त्यांना उपयोग होईल.

कारणाच्या रकान्यात मी भरायचे ते भरले आहे.

हिची तब्येत ठीक.

दादा

२० फेब्रुवारी

दादा,

तुमच्यापुढे हात टेकले.

दुकान बंद ठेवून सकाळी विमा कंपनीत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म दोन बोटांत धरला आणि मला विचारलं, "हा तुमच्या घरच्या लहान मुलांनी घेतला होता का?" मी म्हणालो, लहान नाहीत, सत्तरीचे आहेत. त्या म्हणाल्या, "खाडाखोड चालत नाही. नवा भरून आणा." त्यांचाच छापील फॉर्म तुम्ही त्यांनाच तपासून दिलात! काय म्हणावं?

आणि कारणाच्या रकान्यात काय, तर 'काच फुटली'. दादा, काच फुटली म्हणून तर फॉर्म भरतोय. ते कारण कसं होईल?

दुसरा कोरा फॉर्म पाठवतोय. छापलेल्या एकाही अक्षराला हात लावायचा नाही. 'कारन' राहू दे, 'चलाख' राहू दे, त्यांचं ते बघून घेतील. रकान्यात लिहा, 'पुढच्या वाहनाच्या चाकाखालून दगड उडून लागला'. सगळं जग हेच लिहितं. कंपनीही तेच वाचायला बसलेली असते.

रागावू नका, पण एक विचारतो. तुमच्या चष्म्याचा नंबर मी काढला त्याला तीन वर्षं झाली. कशावर आदळलात का? तसं असेल तर सांगा, इकडे या, फुकट तपासून देतो. लपवू नका. ताई बसलेली असते शेजारी.

तुमचा साडू

२६ फेब्रुवारी

प्रिय साडू,

ती खाडाखोड नव्हती, दुरुस्ती होती. काय लिहायचे ते माणसाला ठाऊक नसते तेव्हा खाडाखोड होते. ठाऊक असते तेव्हा दुरुस्ती होते. हा फरक त्या बाईंना कळला नाही तर नवल नाही. तुम्हाला कळायला हवा होता.

माझी नजर उत्तम आहे. आदळलो कुठेही नाही. दगडही नव्हता. जो नव्हता तो मी लिहिणार नाही. नवा फॉर्म तसाच ठेवला आहे, कारणाचा रकाना कोरा. बाकी सही वगैरे केली आहे. चालत असेल तर द्या.

तीन आठवडे झाले, हिचा व्यायाम बंद आहे. भाड्याच्या गाड्या इथे उंच पायरीच्या मिळतात. हिला उचलून आत बसवावे लागते, आणि परक्या ड्रायव्हरने हात लावलेला हिला चालत नाही. मला एकट्याला उचलवत नाही. फिजिओबाईंचा निरोप आला होता, आठ वेळा गैरहजर, येणार आहात की नाव काढू?

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली. जानेवारीअखेर ही चाळीसेक शब्द बोलू लागली होती, उलटसुलट का होईना. काच फुटल्या दिवसापासून एकही बोललेली नाही. धाकटीचा फोन आला तर झोपली आहे म्हणून सांगतो.

दादा

५ मार्च

दादा,

आज माझं डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा चुका काढत बसू नका.

कंपनीच्या माणसानं गॅरेजात येऊन काच पाहिली, त्याचा अहवाल माझ्याकडे आलाय. एक वाक्य तसंच्या तसं उतरवून देतो. 'काचेस आतील बाजूने आघात झालेला आहे.' आतील बाजूने! आणि मी बावळटासारखा तुमचा कोरा रकाना घेऊन त्या बाईंसमोर दगड दगड करत होतो. दगड काय सीटवर बसून प्रवास करत होता? मी तोंडावर आपटलो ते आपटलो, वर त्या म्हणाल्या, "तुमच्या नातेवाइकांनाच विचारा की एकदा नीट." वीस वर्षं नीटच विचारतोय म्हणावं.

आता त्यांनी लेखी खुलासा मागितलाय. चालकाचा, आणि सोबतच्या प्रवाशाचाही, प्रत्येकाचा स्वतःच्या अक्षरात. या महिनाअखेरपर्यंत दिला नाही तर क्लेम बंद. ताईंचा जबाब! ज्या बाईला पेन धरवत नाही, तिचा! मी तसं सांगितलं. तर म्हणे, अंगठा चालेल, पण कारण हवं.

धाकटी अहवाल ऐकल्यापासून रडतेय. तिच्या मनानं घेतलंय की तुम्ही ब्रेक दाबलात, ताईचं डोकं काचेवर आपटलं, आणि तुम्ही ते आमच्यापासून लपवताय. म्हणूनच ताई बोलत नाही, म्हणूनच फोनवर झोपलेली असते. तसं नसेल तर नाही म्हणा. असेल तर तेही म्हणा. पण आता तुम्ही पुन्हा रकाना कोरा ठेवलात, तर मी पुढच्या बसनं तिकडे येऊन उभा राहीन, सांगून ठेवतो.

साडू

१० मार्च

प्रिय साडू,

धाकटीला आधी हे वाचून दाखवा. हिच्या डोक्याला काहीही लागलेले नाही. काच हिनेच फोडली. माझ्यामुळे.

व्यायाम आटोपून परत येत होतो. परतीच्या रस्त्यावर मी हिच्याकडून दुकानांच्या पाट्या वाचून घेतो. ही पद्धत माझीच, डॉक्टरांनी सांगितलेली नाही. त्या दिवशी 'औषधे' अशी पाटी होती. ही म्हणाली, 'ओझे'. मी म्हणालो, औ-ष-धे. ही पुन्हा 'ओझे'. मी गाडी हळू केली, बोटाने पाटी दाखवली, पुन्हा म्हणून दाखवले. तेव्हा ही म्हणाली, "सांगा."

मला फार बरे वाटले. इतक्या महिन्यांत हिने आपणहून काही मागितले नव्हते. मी सांगितले. "सांगा, सांगा," ही म्हणाली. मी आणखी सांगितले, जीभ कुठे लावायची, ओठ कसे उघडायचे. हिचा आवाज चढत गेला, तसा माझा उत्साहही. "सांगा!" ही ओरडली. मी चौथ्यांदा 'औ' म्हणालो, आणि पाण्याची स्टीलची बाटली काचेवर जाऊन आदळली. सबंध काचेवर जाळे पसरले. मी गाडी बाजूला घेतली. आम्ही दोघे त्या जाळ्याकडे पाहत बसलो. हिने डोळे मिटून घेतले आणि नंतर तोंड उघडले नाही.

तुमच्या फॉर्मात 'कारन' या शब्दापुढे मी दोनदा पेन टेकवले. खरे कारण मी आहे, ते लिहायची लाज वाटली. खोटे लिहायला हात धजेना. आजारी बायकोसमोर मी पुन्हा लाल पेन घेऊन बसलो होतो, साडू. तिला मास्तर नको होता, आणि मला दुसरे काही होता येईना.

एक मात्र मला अजून समजत नाही. सांगा म्हणत होती म्हणून तर सांगत होतो. सांगितल्यावर बाटली का फेकावी?

दादा

१४ मार्च

दादा,

दुकानात एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होतो. धाकटीनं तुमचं पत्र फोडलं आणि गल्ल्याशी उभी राहून मोठ्यानं वाचायला लागली. शेवटच्या ओळीला आली आणि किंचाळलीच. "अहो, ताई थांबा म्हणत होती! थांबा! मलाही फोनवर तेच म्हणत होती, आणि मी मेली अर्धा तास नळाचं पुराण लावलं!"

लक्षात येतंय का? मागितला की दुसराच शब्द येतो, असं पहिल्याच पत्रात तुम्ही स्वतः लिहिलंत. थांबा मागितला, सांगा आला. ती बिचारी थांबा थांबा म्हणून ओरडतेय आणि तुम्ही दुप्पट जोरानं सांगताय. मी असतो तर दोन बाटल्या फेकल्या असत्या.

आता दुसरी गोष्ट, आणि याचं उत्तर मला ताबडतोब हवंय. माझ्या गाडीत बाटली ठेवायची जागा दोन सीटांच्या मधे आहे. म्हणजे ताईच्या उजवीकडे. डाव्या हातानं ती दारावरची मूठ धरून बसते, घरी पोचेपर्यंत सोडत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. मी दिवसभर उजव्या डोळ्याचा नंबर वेगळा आणि डाव्याचा वेगळा लिहिणारा माणूस आहे, तेव्हा हे मलाच सुचायचं. दादा, बाटली कोणत्या हातानं फेकली?

तिसरं. माझाही एक रकाना कोरा होता, तो भरून टाकतो. गेल्या वर्षी खडी नेणाऱ्या ट्रकच्या मागे होतो. खडा लागून काचेचा मसुराएवढा टवका उडाला होता. आज करू, उद्या करू म्हणत तसाच ठेवला, आणि तशीच गाडी तुमच्या दारात उभी केली. कमजोर काच होती, म्हणून एका बाटलीत गेली. 'माहीत नाही म्हणा' असं मी लिहिलं होतं ते यासाठी. तुम्हाला खोटं लिहायला सांगताना जीभ अडली नाही माझी, याची लाज वाटतेय.

पण कोणत्या हातानं? फोन करा. एकदा तरी फोन करा हो!

साडू

२२ मार्च

प्रिय साडू,

फोन केला नाही, कारण बोलता आले नसते.

तुमचे पत्र वाचून मी डोळे मिटले आणि तो क्षण आठवून पाहिला. मी पाटीकडे पाहत होतो, हिच्याकडे नाही. पण बाटली आली ती माझ्या कोपराला घासून आली. डावा हात दाराच्या मुठीवरच होता, गाडी थांबल्यावर मीच एकेक बोट सोडवले होते. बोटे सोडवली, आणि कोणत्या हाताची सोडवतो आहे याचा विचार केला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची नजरचूक पकडली, त्याचे हे फळ.

मी हिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. म्हणालो, "मी थांबलो." हिने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "सांगा." दोन्हींपैकी कोणते, ते मी विचारले नाही. गप्प बसून राहिलो. ही हसली. दीड महिन्याने हसली.

फिजिओबाईंना बोलावले. त्यांनी बाटली उचलायला सांगितली, हात हलला नाही. मग त्यांनी मला 'औषधे' म्हणायला सांगितले. मी पहिलेच अक्षर उच्चारले आणि हिची बोटे बाटलीभोवती आवळली. बाई म्हणाल्या, "तुमच्यावरचा राग मोठा गुणकारी आहे. रोज दहा मिनिटे द्या." आता त्या घरी येऊन व्यायाम घेतात, काच बसेपर्यंत.

सोबत दोन जबाब आहेत. माझा पाच ओळींचा आहे, त्यात खरे ते सर्व आले आहे. दुसरा हिचा. पेनाला जाड कापड गुंडाळून दिले. मी शेजारच्या खोलीत बसलो, आत डोकावलोही नाही. तीन ओळींना चार दिवस लागले. उजव्या हाताने.

त्यात 'बाटली' च्या जागी 'बटाली' झाले आहे. माझ्या नजरेतून सुटले असे समजू नका. तसेच राहू द्या.

शेवटच्या ओळीत जे आहे ते तुम्हीच पाहा. मी रात्रंदिवस प्रुफे तपासायचो तेव्हा ही समोर बसून भाजी निवडायची. मला वाटे, हिचे लक्ष भाजीत आहे.

मूळ कागद मला परत हवा.

दादा

२ एप्रिल

दादा,

काच बसली असेलच. गॅरेजवाल्याला मी परस्पर सांगून टाकलंय, टवका माझा होता, क्लेमची वाट पाहू नको. ताईचा व्यायाम काही त्यांच्या शिक्क्यावाचून अडणार नाही.

तरी जबाब घेऊन गेलोच. त्याच बाई, तोच काउंटर. मूळ कागद हातात दिला नाही, झेरॉक्स पुढे केली. मी सगळं सांगितलं, टवक्यासकट. त्या म्हणाल्या, आतून बाटली मारलेली अपघातात बसते की नाही ते साहेब ठरवतील, बसेल असं काही वाटत नाही. मी म्हटलं, ठरवू देत.

मग त्यांनी ताईचा जबाब वाचायला घेतला. वेडीवाकडी अक्षरं, एकेक शब्द कागदभर. 'बटाली मी फेकली.' पुढे, 'ते सांगत होते.' आणि तिसरी ओळ, 'मी सांगा म्हटले.' त्यातल्या 'सांगा' वर आडवी रेघ, बाजूला समासात तुमची ती खूण, अगदी तुम्ही करता तशी, आणि खुणेपुढे लिहिलेलं, 'थांबा'.

बाईंनी त्या रेघेवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "अहो, पुन्हा खाडाखोड. चालत नाही, सांगितलं होतं ना? स्वच्छ कागदावर परत लिहून आणा."

दादा, मी वीस वर्षं तुमच्या लाल पेनाला हसत आलोय. पण परवा मी त्या काउंटरवर असा काही ओरडलो की मागची रांग गप्प झाली.

"बाई," मी म्हणालो, "नीट बघा. ही खाडाखोड नाही. दुरुस्ती आहे."

तुमचा साडू